घरातला समुद्र (भाग ५) : बेताच्या पैशांत फ्रॅग टँक

फ्रॅग म्हणजे प्रवाळाचा तोडलेला तुकडा. तो नीट चिकटला आणि जगला की त्याची नवी वसाहत होते. असे तुकडे वाढवायला टाकी करायची म्हटली की दुकानदार धडकी भरवणारी यादी हातात ठेवतो: स्किमर, कॅल्शियम रिॲक्टर, डोसिंग पंप, मोबाइलवरून चालणारे दिवे. यादीत खोटं काही नाही. फक्त ती दगडी प्रवाळांसाठीची आहे, आणि दगडी प्रवाळं आपल्याकडे घरात ठेवायचीच नसतात.

कारण कायदा. २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सोबत काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखेही. म्हणजे कायद्याच्या लेखी ती वाघाच्या पंक्तीला. २०२० मध्ये किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं हलवायची होती, तेव्हा मुंबई महापालिकेलाही वन विभागाची परवानगी काढावी लागली. मेलेल्या प्रवाळालाही सूट नाही. तेव्हा कुणी अंदमानहून आणलेला पांढरा ‘शोभेचा दगड’ टाकीत ठेवू नका.

उरतात ती मशरूम, झोॲन्थिड, लेदर, झेनिया ही मऊ मंडळी. इथे कायदा आणि खिसा एकाच बाजूला येतात. दगडी प्रवाळ सांगाडा बांधायला पाण्यातलं कॅल्शियम भराभर ओढतं, म्हणून ते रोज पुरवावं लागतं. मऊ प्रवाळांना असा अखंड सांगाडा नसतो. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की त्यांचं भागतं. डोसिंग पंप आणि रिॲक्टर तर गेलेच. ७५ लिटरच्या टाकीत, मासे नसतील किंवा एखादाच असेल, तर पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमरही नको.

टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि फूटभर उंच करून घ्या. साडेदहा इंच पाणी भरलं की साधारण ७५ लिटर होतं. उथळ अशासाठी की स्वस्तातल्या दिव्याचा उजेडही तळापर्यंत पोचतो. महागडी क्रिस्टल काच नको, ही टाकी वरूनच बघायची असते.

वाचलेले पैसे पाण्यात घाला. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल, या समजापायी पुष्कळ टाक्या शेवाळाने भरतात. घरगुती प्युरिफायरमध्ये बहुधा टीडीएसचा (म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणाचा) एक स्क्रू असतो. पाण्याला चव राहावी म्हणून त्यातून थोडं न गाळलेलं पाणी गाळलेल्या पाण्यात परत मिसळतं. ग्लासात टीडीएस पेन बुडवून बघा, आकडा ५०-६० सहज दिसेल. बोअरवेल असेल तर विचारू नका. आपल्याला हवा शून्य. मेम्ब्रेनच्या लगेच पुढे, तो स्क्रू आणि खनिजांचं कार्ट्रिज यांच्या आधी, टाकीसाठी वेगळी नळी काढा आणि तिला उरलेसुरले क्षार धरणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडा. पेनचा आकडा शून्यावरून हलला की रेझिन संपलं असं समजा. (हे पाणी टाकीसाठी, पिण्याचा नळ वेगळाच ठेवा.)

मीठ मत्स्यालयासाठीचंच हवं. लिटरला साधारण ३८ ग्रॅम धरलं तर पहिल्या भरणीला जेमतेम तीन किलो लागतं, आणि पुढे आठवड्याच्या बदलापायी वर्षाकाठी १५ किलो. खाण्याच्या मिठात सोडियम क्लोराइडशिवाय फारसं काही नसतं, ते चालणार नाही. चौपाटीवरून कॅन भरून आणण्याचा मोहही टाळा. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात क्षारता घसरते. आपल्याला ती ३५ पीपीटी हवी, आणि मोजायची रिफ्रॅक्टोमीटरनेच. काट्याचं प्लास्टिकचं हायड्रोमीटर स्वस्त पडतं, पण काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याची घालावी, खाऱ्या पाण्याची नव्हे.

आता उन्हाळा. टाकी २५-२६ अंशांवर असावी. ती बरेच दिवस तिशीच्या आसपास राहिली की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. बहुतेक अन्न त्यांच्याकडूनच मिळत असल्याने पुढे उपासमार आली. कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावले की बाष्पीभवनाने पाणी थंड होतं. पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेत हा जुगाड दोन-तीन अंश उतरवतो, मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याचा जोर निम्म्यावर येतो. तेव्हा स्पष्टच सांगतो: मुंबईत, एसी न चालणाऱ्या खोलीत हा छंद स्वस्तात होत नाही. तिथे चिलरचे पैसे आधी बाजूला काढा, नाहीतर नाद सोडा. पुण्याच्या थंडीत उलट १०० वॉटचा हीटर लागेल.

दिवा निळा-पांढरा एलईडी, टायमरवर आठ तास. सुरुवात तीस टक्क्यांवर करा आणि काही आठवड्यांत हळूहळू वाढवा. पाणी हलतं ठेवायला एक लहान वेव्हमेकर पुरे.

तुकडे ठेवायला फॉल्स सीलिंगमध्ये ट्यूबलाइटखाली बसवतात ती चौकोनी घरांची पांढरी प्लास्टिक जाळी घ्या, खाली अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे पाय लावा. झोॲन्थिड जेल सुपरग्लूने प्लगला, म्हणजे तुकड्याच्या छोट्या बैठकीला, बसतात. लेदर आणि मशरूम अंगाला बुळबुळीत, त्यांच्यावर गोंद धरत नाही. लेदरचा तुकडा रबरबँडने दगडाच्या खड्याला सैल बांधा. मशरूमचे तुकडे खडे भरलेल्या वाटीत ठेवून वर मऊ, बारीक जाळी ताणा. दोन-तीन आठवड्यांत ते आपणहून खड्याला धरतात.

झोॲन्थिड कापताना हातमोजे आणि गॉगल घालाच. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. झोॲन्थिड बसलेला दगड उकळू तर मुळीच नका. त्या वाफेने माणसं इस्पितळात गेली आहेत.

पहिला तुकडा घेताना प्रजातीचं नाव लिहिलेलं पक्कं बिल मागा. दुकानदार नुसतं ‘कोरल’ लिहून देत असेल, तर तिथून घेऊ नका.