दुसरी किल्ली
घरचा संगणक, घरचे दप्तर : लेखांक नववा

मागील लेखांकात एन्क्रिप्शनची, म्हणजे संगणकातील मजकूर कूटबद्ध करण्याची, उपयुक्तता आपण पाहिली. लॅपटॉप चोराच्या हाती लागला तरी त्यातील हिशेब, करारनामे आणि छायाचित्रे त्याच्या हाती लागू नयेत, एवढाच तिचा हेतू. परंतु ज्या क्रियेने चोर बाहेर राहतो तिनेच कधीकधी खुद्द मालकही बाहेर राहतो, आणि तसे झाल्यावर त्याला आत घेणारी एकही कचेरी या भूतलावर नसते, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानी येते ती वेळ टळून गेल्यावरच.

आपल्या जिल्ह्यातील माणसाची दस्तऐवजांविषयीची समजूत पिढ्यान्‌पिढ्या महसुली आणि नोंदणी कचेऱ्यांनी घडविलेली आहे. खरेदीखत गहाळ झाले तर दुय्यम निबंधकाकडे अर्ज करावा, शुल्क भरावे आणि १९०८ च्या नोंदणी अधिनियमान्वये तेथे जतन केलेल्या प्रतीची नक्कल घ्यावी. सातबारा फाटला तर नवा उतारा काढावा. वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला, १९०३ साली मध्यप्रांतास जोडला गेला, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला; खुद्द या जिल्ह्याचे नाव आधी आग्नेय वऱ्हाड, मग वणी आणि १९०५ पासून यवतमाळ असे पालटत गेले; परंतु अंमल बदलला वा नाव बदलले म्हणून शेताची नोंद निरर्थक ठरली नाही. कागद हरवला तरी हक्क हरवत नाही आणि हक्क शाबीत झाला की कागद पुन्हा मिळतो, हा विश्वास त्यातून रुजला. कूटबद्ध फाइलीच्या बाबतीत हा विश्वास सर्वस्वी फोल आहे, कारण तेथे हक्काची विचारपूस होतच नाही. विचारली जाते ती केवळ किल्ली.

विंडोज २००० या प्रणालीबरोबर मायक्रोसॉफ्टने एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टिम नावाची एक सोय आणली, आणि विंडोजच्या प्रो आवृत्त्यांत ती आजही आहे. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडाव्यात, अ‍ॅडव्हान्स्ड या बटणाखालच्या एका चौकटीत खूण करावी, की काम झाले. जुन्या विंडोजमध्ये फाइलीचे नाव हिरव्या अक्षरांत दिसू लागते, विंडोज १० पासून तिच्या चिन्हावर लहानसे कुलूप उमटते, आणि याखेरीज वापरणाऱ्याला कसलाही फरक जाणवत नाही. वेगळा पासवर्ड विचारला जात नाही. किल्लीची प्रत काढून ठेवा, अशी सूचना पडद्याच्या कोपऱ्यात येते, पण ती वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. पडद्याआड मात्र किल्ल्यांची एक साखळीच तयार झालेली असते. प्रत्येक फाइलीसाठी संगणक एक स्वतंत्र किल्ली घडवितो आणि तिने मजकूर बंद करतो. ती किल्ली वापरकर्त्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून फाइलीसोबतच ठेवतो. ती उघडणारी खाजगी किल्ली सी ड्राइव्हवर वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये असते. आणि ही खाजगी किल्लीही अखेर त्याच्या लॉगिनच्या पासवर्डाच्या आश्रयाने राहते.

दारव्ह्याच्या एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांचे उदाहरण कल्पून पाहू. शेतीचे करारनामे, बँकेच्या पासबुकांच्या प्रती आणि कुटुंबाची छायाचित्रे त्यांनी डी ड्राइव्हवरील एका फोल्डरात ठेवून तो कूटबद्ध केला आहे. संगणक मंदावतो म्हणून ते तो यवतमाळच्या एका दुकानात टाकतात, आणि सायंकाळी दुकानातला पोरगा निर्धास्तपणे सांगतो, "सर, डी ड्राइव्हले हातबी नाई लावला, सी फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकली, बस." तो खोटे बोलत नाही. फोल्डर जागच्या जागी आहे, फाइलींची नावे, तारखा, आकार सारे दिसते. उघडू जाता मात्र ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ एवढाच जबाब मिळतो. तिजोरी शाबूत राहिली आणि किल्ली सी ड्राइव्हबरोबर पुसली गेली. सरांनी नव्या विंडोजवर पूर्वीचेच नाव आणि पूर्वीचाच पासवर्ड बसविला तरी उपयोग होत नाही, कारण नव्या प्रणालीच्या लेखी ते निराळे खातेदार असतात. जिल्ह्याचे नाव पालटूनही त्याचे दप्तर टिकले. येथे नाव अक्षरशः तेच राहूनही दप्तर बुडाले. याहून उपरोधाची गोष्ट अशी की ‘टेक ओनरशिप’ हा पर्याय वापरून त्या फाइलींची मालकी विंडोज सरांच्या नव्या खात्याच्या नावे बिनतक्रार चढवून देते, आणि त्या फेरफारानंतरही मजकुराचे एक अक्षर वाचता येत नाही.

मग एखाद्या तज्ज्ञाने कुलूप फोडावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या कामी आज जी पद्धती वापरतात ती, योआन डेमेन आणि विन्सेंट रेमेन या बेल्जियन कूटलेखनतज्ज्ञांनी रचलेली आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ साली मान्य केलेली एईएस होय. तिच्या सर्वांत लहान, म्हणजे १२८ बिटांच्या, प्रकारातही संभाव्य किल्ल्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये एवढी भरते. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहणारे यंत्र मिळाले तरी त्या सर्व संपविण्यास विश्वाच्या आजवरच्या सुमारे १,३८० कोटी वर्षांच्या आयुष्याच्या कोट्यवधी पट काळ लागेल. म्हणून ‘डेटा काढून देतो’ असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्याला एकच प्रश्न करावा, की किल्ली कोठून आणणार?

या प्रश्नाला काही प्रसंगी सरळ उत्तर असते, आणि तेवढ्यापुरती आशा खरी असते. विंडोज पुन्हा टाकताना ड्राइव्ह फॉरमॅट केला नसेल तर जुनी प्रोफाइल ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात काही काळ पडून असते; ती हाती लागली आणि जुना पासवर्ड आठवत असला तर जाणकार माणूस खाजगी किल्ली बाहेर काढू शकतो. फॉरमॅट झाले असल्यास संगणक तत्क्षणी बंद करावा, कारण पुढे लिहिली जाणारी प्रत्येक फाइल जुन्या किल्लीच्या उरल्यासुरल्या अवशेषांवर बसण्याचा संभव असतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असेल तर रिकामी झालेली जागा ती स्वतःच साफ करू लागते, आणि आशा आणखी क्षीण होते. जुना पासवर्ड न विचारता दुसऱ्या खात्यातून नवा बसविला गेल्यामुळे फाइली अडल्या असतील, तर पूर्वीचाच पासवर्ड पुन्हा लावल्यावर त्या बहुधा उघडतात.

फाइलींऐवजी संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणारे बिटलॉकर २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आले, आणि त्याचेच साधे रूप आजच्या घरगुती लॅपटॉपांत मालकाने न मागताही चालू झालेले असू शकते. विंडोज ११ च्या २०२४ सालच्या आवृत्तीपासून तर मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या नव्या यंत्रांवर हाच सामान्य प्रघात आहे. येथे किल्ली मदरबोर्डावरील टीपीएम नामक चिपेत राहते. मदरबोर्ड बदलला, किंवा क्वचित बायोसमध्ये फेरफार झाला, की निळा पडदा येऊन ४८ अंकांची रिकव्हरी की मागतो. हे अंक सहा-सहांच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे लिहिताना झालेली चूक यंत्र तत्काळ दाखविते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले आणि आपल्याकडील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, तेव्हा दुरुस्तीचा उपाय ठाऊक असूनही पुष्कळ ठिकाणी तो खोळंबला तो याच ४८ अंकांपायी. घरगुती यंत्राची रिकव्हरी की सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आपोआप जमा होते. परंतु ते खाते लॅपटॉप विकताना दुकानदाराने घाईघाईत भलत्याच ईमेलवर उघडून दिलेले असेल, तर ती कोणाच्या हवाली आहे हे मालकालाही ठाऊक नसते.

विंडोज २००० मध्ये संगणकाच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे कूटबद्ध फाइलींची एक पर्यायी किल्ली आपोआप राहत असे. विंडोज एक्सपीपासून घरच्या सुट्या संगणकाला ही व्यवस्था आपोआप लाभत नाही. खाजगीपणाच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. मात्र त्यामुळे दुसरी किल्ली सांभाळण्याचा जो भार पूर्वी प्रणालीवर होता, तो निमूटपणे मालकावर आला. सरकारी खजिन्याच्या जुन्या व्यवस्थेत भक्कम खोलीला दोन कुलपे, त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे, आणि किल्ल्यांचा दुसरा संच त्या इमारतीबाहेर अन्यत्र, असा दंडक असे. घरच्या दप्तरालाही तोच लावावा. फोल्डर कूटबद्ध केला असेल तर ‘मॅनेज फाइल एन्क्रिप्शन सर्टिफिकेट्स’ हे विंडोजमध्ये शोधून आपले प्रमाणपत्र खाजगी किल्लीसह पेनड्राइव्हवर उतरवावे आणि त्याला लावलेला पासवर्ड निराळ्या जागी लिहून ठेवावा. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर छापून घ्यावी. पेनड्राइव्ह आणि कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता खरेदीखत जेथे ठेवतो तेथे ठेवावे, आणि त्यांचा ठावठिकाणा घरातील आणखी एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावा. कारण मृत्यूनंतर वारसाच्या नावे शेत चढविण्यास फेरफाराची रीत आहे, कूटबद्ध फाइलीला तशी कोणतीही रीत नाही. संगणक दुरुस्तीला टाकण्यापूर्वी ही दोन्ही कामे झाली आहेत याची खातरजमा करावी, आणि काही कूटबद्ध केलेले आहे हे दुकानात आधीच सांगावे. फॉरमॅट मारणारा ते आपणहून तपासून पाहीलच असे नाही.

आज आपण मालकाने स्वतः लावलेल्या कुलपाचा विचार केला. पुढील लेखांकात परक्याने लावलेल्या कुलपाचा, म्हणजे २७ जून २०१७ रोजी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प करणाऱ्या जातीच्या हल्ल्याचा आणि त्यानंतर फैलावलेल्या खंडणीच्या व्यवसायाचा, परामर्श घेऊ.