विरोधकांच्या पोथ्यांतला चार्वाक

चार्वाक म्हटलं की लोकांना फक्त कर्ज काढून तूप पिणारा आठवतो, याचा मला राग येतो. ही ओळख मुख्यतः त्याच्या विरोधकांनी राखलेली. 14व्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथात त्याला पहिलंच प्रकरण मिळालं आहे, आणि तिथेही त्याचा प्रश्न टोचतो: धूर तिथे अग्नी, हे सर्व काळांसाठी पाहिलं कोणी? पुरंदर नावाच्या चार्वाकमतवाद्याला व्यवहारातलं अनुमान मान्य होतं. डोंगरावरच्या धुरावरून आग खुशाल ओळखावी. परलोकाचं अनुमान मात्र नाही, कारण तो कुणी कधी पाहिलेलाच नाही. किती प्रामाणिक भूमिका! चार्वाकमतानुसार जाणीवही चार महाभूतांतून उपजते, आंबवलेल्या द्रव्यातून नशा उपजावी तशी. मग श्राद्धाचा पिंड पोचतो कुणाला? 1940 साली बडोद्याहून याच परंपरेत गणल्या जाणाऱ्या जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ छापला गेला. जयराशीने तर प्रत्यक्ष प्रमाणही तपासून नाकारलं.