रिकामी खुर्ची टाळणारी माणसे

खोलीत दोन खुर्च्या आहेत. एकीवर ख्रिस बसलेला दिसतो. हा ख्रिस खरा माणूस नाही, डोळ्यांवरच्या चष्म्याने उभी केलेली आकृती आहे, हे पाहणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. मग त्याला ‘बसा’ म्हटले तर तो कुठे बसेल?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरेमी बेलेन्सन, मार्क मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिले आणि २०१९ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. चष्मा घातलेल्यांपैकी एकही जण ख्रिसच्या खुर्चीवर बसला नाही. खुर्चीकडे जाऊन वळतानाही बहुतेकांनी अशीच बाजू निवडली, की ख्रिसकडे पाठ होऊ नये. आणखी एका गटाला आधी ख्रिस दाखवला आणि खुर्ची निवडण्यापूर्वी चष्मा काढायला लावला. आता दोन्ही खुर्च्या सर्वांसमक्ष रिकाम्या होत्या. तरीही त्यांतल्या ७२ टक्के लोकांनी ख्रिस जिथे ‘बसला’ होता ती खुर्ची सोडून दुसरी धरली. नुसता योगायोग असता तर हा आकडा निम्म्याच्या आसपास राहिला असता.

या सगळ्या संशोधनात मला हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चित्र डोळ्यांसमोरून गेले, पण शिष्टाचार अंगात राहिला.

ख्रिस फार हुबेहूब दिसत होता म्हणून हे घडले असेल, असे कुणाला वाटेल. प्रयोगात वापरलेला मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स हा पारदर्शक काचेचा चष्मा होता. त्याचे कॅमेरे आणि सेन्सर खोलीतल्या भिंती, जमीन, फर्निचर यांचा नकाशा सतत बनवत राहतात. म्हणूनच आकृती खुर्चीवर नेमकी टेकल्यासारखी दिसते आणि आपण मान हलवली तरी जागची हलत नाही. पण असा चष्मा बाहेरून येणाऱ्या उजेडात स्वतःचा उजेड मिसळू शकतो, बाहेरचा उजेड वजा करू शकत नाही. त्यामुळे त्याला खरा काळा रंग दाखवता येत नाही आणि माणसाची आकृती थोडी आरपार दिसते. शिवाय चित्र दिसण्याचा भाग अरुंद असतो. मान जरा वळवली की ख्रिस अर्धा कापला जातो. इतक्या अपुऱ्या माणसाचाही लोकांनी मान राखला.

त्याच संशोधनाच्या आणखी एका भागात लोकांना उलटसुलट केलेल्या अक्षरांपासून शब्द जुळवायला दिले होते. ख्रिस समोर असताना सोपे शब्द एकट्याने सोडवण्यापेक्षा चांगले सुटले, अवघड शब्द मात्र जास्त अडले. मानसशास्त्राला हा नमुना जुना आहे. रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये त्याचे स्पष्टीकरण मांडले: आजूबाजूला कुणी असले की शरीर सावध होते, सरावाचे काम झपाट्याने होते आणि नवे काम बिघडते. १९६९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हेच झुरळांवर तपासले. इतर झुरळे ‘प्रेक्षक’ म्हणून ठेवली, तेव्हा सरळ वाटेवरची झुरळे जास्त वेगाने पळाली आणि वळणाच्या वाटेवरची मागे पडली. सोबतीची ही जाणीव इतकी खोलवरची असेल, तर ‘हा खोटा आहे’ या ज्ञानाने ती बंद पडत नाही यात नवल नाही. म्हणून कारखान्यात किंवा रुग्णालयात शिकाऊ माणसाच्या शेजारी असा बुद्धिमान मार्गदर्शक उभा करायचा असेल, तर तो कधी दिसावा आणि कधी बाजूला व्हावा, हे आधी ठरवावे लागेल. अवघड काम पहिल्यांदा शिकणाऱ्याला त्याची नजर जाचेल.

अशा आकृतीला शरीर असल्याने आणखी काय बदलते? फ्लोरिडात ग्रेग वेल्च, कांगसू किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी एक टेबल असे मांडले, की त्याची अर्धी बाजू खरी आणि पलीकडची अर्धी आभासी. आभासी माणूस पलीकडून रेलला की अलीकडची खरी बाजू डुगडुगे. तेवढ्याने समोर खरोखर कुणी असल्याची भावना वाढली. २०१८ च्या त्यांच्या प्रयोगात केवळ आवाज असलेल्या सहायकाची शरीर असलेल्या सहायकाशी तुलना होती. खासगी बोलायचे आहे म्हटल्यावर तो चालत खोलीबाहेर जाई, आणि आपला खासगीपणा तो जपेल असा लोकांचा विश्वास वाढे. इथे मी थबकतो. आकृती दाराबाहेर गेल्याने मायक्रोफोन बंद होत नाही. सौजन्याचा देखावा पाहून माणूस मोकळा होत असेल, तर तो देखावा रचणाऱ्यांवर मोठी जबाबदारी येते. आकृती बाहेर पडली की ऐकणेही बंद झाले पाहिजे, असा नियम मला अत्यावश्यक वाटतो.

स्टॅनफर्डच्या तिसऱ्या प्रयोगाची चर्चा कमी झाली, ती व्हायला हवी होती. तिथे दोन खरी माणसे एकमेकांशी बोलत होती. ज्यांनी चष्मा घातला होता, त्यांना समोरच्या माणसाशी जवळीक कमी वाटली. हवेतल्या आकृतीला आपण आदर देतो आणि त्याच साधनामुळे हाडामांसाच्या माणसापासून थोडे दूर सरकतो, ही दोन्ही निरीक्षणे एकत्र वाचायला हवीत. घरात, वर्गात किंवा दवाखान्यात चष्मा घालणारा एकटा नसतो. त्याच्याशी बोलणारी आई, विद्यार्थी किंवा रुग्ण त्याच खोलीत असतो.

२०२४ मध्ये विक्रीला आलेल्या अ‍ॅपलच्या व्हिजन प्रो या उपकरणाला बाहेरच्या बाजूनेही पडदा आहे. घालणाऱ्याचे डोळे त्यावर दिसतात, तेही आधी टिपून ठेवलेल्या चेहऱ्यावरून संगणकाने घडवलेले. त्या डोळ्यांत पाहून बोलणाऱ्याला आपले ऐकले जातेय असे वाटते का, हे आता त्या बोलणाऱ्यालाच विचारले पाहिजे.