वाचा, व्हॉइस आणि साष्टीचे फादर

दीपनगर वसाहतीतून एका विद्यार्थिनीने विचारलंय: इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळं पाठ करताना व्हॉइस, व्होकल, अ‍ॅडव्होकेट यांच्या मुळाशी ‘वोक्स’ दिसला. त्याचा आपल्या ‘वाचे’शी काही संबंध आहे का?

आहे, आणि सख्खा आहे. पण भाषाशास्त्र नुसत्या सारख्या उच्चारावर विश्वास ठेवत नाही, त्याला नियम लागतो. लॅटिनमध्ये दहा म्हणजे ‘देकेम’, शंभर म्हणजे ‘केन्तुम’. संस्कृतात दश, शत. तिथे क, इथे श. आता हाच नियम ‘दीकेरे’ला, म्हणजे ‘म्हणणे’ला लावा. हाती येतो ‘दिश्’, दाखवणे! डिक्टेशन, डिक्शनरी, प्रेडिक्ट हे सगळे आपल्या दिशा, आदेश, उपदेश यांचे भाऊबंद. साहेब डिक्टेट करून आदेश काढतात तेव्हा एकच धातू दोनदा राबतो.

मग ‘वोक्स’मधल्या क चा श का झाला नाही? तो मुळातच वेगळा, ओठ गोल करून उच्चारलेला क होता. असा क संस्कृतात क राहतो किंवा च होतो. म्हणून वाक्, आणि म्हणूनच वाचा.

नियम सोडला की गोंधळ होतो. एलोक्यूशनमधल्या ‘लोक्वी’ला आपला ‘लोक’ चिकटवायचा मोह पडतो. पण ‘अवलोकन’मधला लोक् हा पाहण्याचा धातू आहे. ‘इंग्रजी संस्कृतातून निघाली’ असे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप याच वाटेने जातात. लॅटिन ही संस्कृतची लेक नव्हे, बहीण. दोघींची आई लेखी पुरावा न ठेवता गेली.

हे नातं ओळखण्याचं श्रेय ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्सच्या 1786 सालच्या कोलकात्यातल्या भाषणाला देतात. त्याच्या दोनशे वर्षं आधी, 1583 साली, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइटाने गोव्याहून भावाला कळवलं होतं, की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनच्या जवळची आहे. हेच गोव्यातल्या साष्टीचे फादर, मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे. पत्र छापून यायला मात्र विसावं शतक उजाडलं. मूळ भाषा कदाचित लुप्त झाली असावी, हे पुढचं पाऊल जोन्सचं. तो मान त्याचाच. पण या शोधाचा इतिहास शिकवायचा तर तो 1583 पासून, गोव्यापासून सुरू करायला हवा.