अर्धा चमचा जागा आणि 402 मीटर

वसई रोड स्टेशनवरून पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवलीकडे निघालात की लेथ आणि मिलिंग मशीनचा आवाज ओळखीचा होतो. या पट्ट्यात बाइकचं हेड पिशवीत घालून नेलं आणि ‘एक एमएम घासून द्या’ म्हटलं, तर काम चटकन होऊन जातं. मशीन ‘का?’ असं विचारत नाही. घासलेलं मेटल मात्र परत येत नाही. म्हणून ‘का’ हा प्रश्न तुम्ही घरीच स्वतःला विचारायचा.

ड्रॅग रेसचं वेड असलेला एक तरी मित्र प्रत्येक कॉलेजात असतो. (तो मित्र तुम्हीच असाल, तर अजून छान.) सरळ ट्रॅक, पाव मैल म्हणजे 402 मीटर, आणि सगळा खेळ काही सेकंदांचा. बाइक ‘बिल्ड’ करायची ठरली की गप्पा फिरून फिरून एका आकड्यावर येतात: कम्प्रेशन रेशो किती ठेवायचा? 10? 11? की थेट 13?

आधी गणित, घाबरू नका

पिस्टन एकदम खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, तिला पिस्टन एकदम वर असताना उरलेल्या जागेनं भागा. झाला तुमचा कम्प्रेशन रेशो.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीची स्प्लेंडर घेऊ. बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोक 49.5, म्हणजे पिस्टन 97.2 सीसी जागा झाडतो. रेशो 9 हवा असेल, तर वर 12.15 सीसी जागा उरायला हवी. 11 हवा असेल तर 9.72 सीसी. फरक जेमतेम 2.4 सीसी, म्हणजे चहाचा अर्धा चमचा! ढोबळ हिशेबानं हेड सव्वा मिलिमीटर घासलं की तेवढी जागा गेली.

या अर्ध्या चमच्यानं काय मिळतं? मिश्रण जास्त दाबलं की जळल्यावर ते जास्त पसरतं आणि तेवढ्याच पेट्रोलमधून पिस्टनला जास्त जोर मिळतो. थिअरीच्या ऑटो सायकलमध्ये रेशो 9 असताना कार्यक्षमता साधारण 58.5 टक्के येते, 11 ला 61.7 आणि 13 ला 64.2. खऱ्या इंजिनात हे आकडे बरेच खाली येतात, पण कल तोच राहतो. नीट बघा, पहिल्या दोन पायऱ्यांनी 3.2 दिले, पुढच्या दोघांनी फक्त 2.5. फायदा आटत जातो, धोका मात्र वाढत जातो.

धोका म्हणजे नॉकिंग

स्पार्क पडल्यावर ज्योत मिश्रणातून पुढे सरकत जायला हवी. दाब आणि उष्णता जास्त झाली, तर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं. डब्यात खडे टाकून हलवल्यासारखा ‘टण टण’ आवाज येतो. तो ऐकूनही थ्रॉटल सोडला नाही, तर पिस्टनची कड खचते, रिंग तुटते, कधी पिस्टनला चक्क भोक पडतं.

इंग्लंडच्या हॅरी रिकार्डो या इंजिनिअरनं शंभर वर्षांपूर्वी नेमका याचाच अभ्यास केला. रेशो बदलता येईल असं खास इंजिन बनवून त्यानं वेगवेगळी इंधनं तपासली आणि प्रत्येक इंधन किती रेशोपर्यंत उपयोगी साथ देतं ते मोजलं. त्यातून निघालेला धडा आजही लागू आहे. रेशो आधी ठरवून पेट्रोल शोधायचं नसतं. पेट्रोल आधी ठरवायचं, रेशो त्याच्या मागून येतो.

पेट्रोलची नॉक न होण्याची ताकद ऑक्टेनमध्ये मोजतात. बीएस-6 सुरू झालं तेव्हा साध्या पेट्रोलला किमान 91 ऑक्टेन लागायचा, प्रीमियमला 95. इंडियन ऑइलनं डिसेंबर 2020 मध्ये 100 ऑक्टेनचं एक्सपी100 आणलं. इथेनॉल मिसळल्यानंही ऑक्टेन वाढतो. पण जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त पॉवर हा गैरसमज आहे. स्टॉक इंजिनात महागडं पेट्रोल ओतून रेस जिंकता येत नाही. ते फक्त जास्त रेशो सहन करायची परवानगी देतं.

तुमचं इंजिन कुठल्या जातकुळीचं?

रॉयल एनफिल्डच्या जुन्या यूसीई क्लासिक 350 चा रेशो 8.5 होता आणि केटीएम 390 ड्यूकचा जवळपास 13. पंपावर दोघांना एकच पेट्रोल मिळायचं. मग एवढा फरक कसा? ड्यूकला लिक्विड कूलिंग आहे, चार व्हॉल्व्ह आहेत, प्लग मध्याजवळ आहे. त्यामुळे उष्णता लवकर निघते आणि ज्योतीला लांब जावं लागत नाही. एअर-कूल्ड, दोन व्हॉल्व्हच्या बाइकनं ड्यूकचा आकडा कॉपी केला, तर तिचं काही खरं नाही.

कॅमचंही तेच. रेसिंग कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. पिस्टन वर निघाला तरी व्हॉल्व्ह उघडाच, म्हणजे प्रत्यक्ष दाब कागदावरच्या रेशोपेक्षा कमी. म्हणून मोठ्या कॅमसोबत रेशो थोडा वाढवतात. स्टॉक कॅम ठेवून नुसतं हेड घासणं म्हणजे अर्धीच रेसिपी करणं.

आणि जागा! लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग स्पर्धा झालेली आहे. नुसतं लोणावळाच समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. तिथली हवा वसईपेक्षा 6-7 टक्के विरळ, म्हणजे सिलिंडरमध्ये कमी हवा आणि कमी दाब. घाटावर शांत राहिलेलं इंजिन इथं समुद्राकाठी नॉक मारू शकतं. ट्यूनिंग कुठं केलं आणि पळवणार कुठं, हे सांगितल्याशिवाय रेशोचा सल्ला अर्धवटच.

आता एक गंमत. जगातल्या सर्वात वेगवान ड्रॅग गाड्या, अमेरिकेतल्या टॉप फ्युएल, यांचा रेशो 7 च्या आसपास असतो. स्प्लेंडरपेक्षाही कमी! कारण सुपरचार्जर आधीच हवा कोंबून आत पाठवतो. मोठा आकडा म्हणजे मोठी गाडी, असं नसतं.

एक इंजिन, दोन नोकऱ्या

खरा पेच इथे आहे. 402 मीटरची रेस काही सेकंदांत संपते, इंजिनाला पूर्ण तापायलाही वेळ मिळत नाही. त्यामुळे फक्त ड्रॅगसाठी बांधलेल्या इंजिनात थोडा जास्त रेशो चालून जातो. पण तीच बाइक सोमवारी कॉलेजला न्यायची असेल, मे महिन्यात वसई फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभी राहणार असेल, तर तोच रेशो अंगाशी येतो. बहुतेकांकडे बाइक एकच असते, तीही घरच्यांनी हप्त्यावर घेतलेली. म्हणून आकड्याआधी हे ठरवा: ही बाइक रेसची की रोजची? दोन्ही असेल, तर रोजच्या बाजूनं झुका.

शिवाय रात्री रिकामा दिसणारा महामार्ग म्हणजे ड्रॅग स्ट्रिप नाही. रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद, 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. समोरून कुणी वळलं तर काय होईल, ते कलमात लिहिलेलं नाही.

मेकॅनिकलला असाल, तर ‘फॉर्म्युला भारत’सारख्या विद्यार्थी स्पर्धांकडे बघा. त्यात 75 मीटरची अॅक्सिलरेशन फेरी असते, म्हणजे छोटी ड्रॅगच. पेट्रोल इंजिनाच्या वाटेत 20 मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर लावून हवा मर्यादित केलेली असते. मग आहे त्या हवेतून जास्तीत जास्त काढायचं, आणि तिथं रेशोचा अभ्यास खरंच कामाला येतो.

घासण्याआधी हे करा

मेडिकलमधून 10 मिलीची सिरिंज आणा. हेडवर सपाट पारदर्शक अॅक्रिलिक ठेवा, त्याच्या भोकातून पातळ ऑइल भरा आणि किती मावलं ते लिहा. त्यात गॅस्केटची जाडी आणि पिस्टनच्या माथ्याचा आकार धरा. मग पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले लावा, इंजिन जोडून हातानं दोन फेरे फिरवा आणि उघडून व्हॉल्व्हचे ठसे मोजा. हेड खाली आलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि कॅमचं टायमिंगही थोडं सरकतं.

हे आकडे वहीत लिहून झाले की मग पिशवी उचला आणि वालीवला जा. तिथं ‘एक एमएम’ म्हणाल, तेव्हा तो एक एमएम कुठून आला हे तुम्हाला माहीत असेल.