हरवलेल्यांचा शोध आणि नोंदींची शिस्त

युद्ध वा नैसर्गिक आपत्तीच्या काळात अन्न, निवारा आणि औषधे यांची निकड सर्वांनाच ठाऊक असते. परंतु ताटातूट झालेल्या कुटुंबाला आपल्या माणसाच्या खुशालीची आस याहूनही अधिक असते. ती बातमी पोहोचविण्यासाठी मदतकार्य करणाऱ्या संस्थेजवळ अचूक आणि नीट जपलेल्या नोंदी असाव्या लागतात. या दृष्टीने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचा अनुभव उद्बोधक आहे.

पहिले महायुद्ध सुरू होताच ऑगस्ट १९१४ मध्ये समितीने जिनिव्हा येथे युद्धकैद्यांची माहिती देणारे स्वतंत्र केंद्र उघडले. युद्धात उतरलेल्या देशांकडून कैद्यांच्या याद्या आणि नातेवाइकांकडून चौकशीची पत्रे येत. त्यांतील नावांची कार्डे तयार करून ती देशवार व वर्णानुक्रमे लावली जात. आईने केलेल्या चौकशीचे कार्ड आणि यादीवरून केलेले कार्ड एकाच खणात शेजारी आले, की शोध लागत असे. अशी सुमारे ७० लाख कार्डे तयार झाली. महात्मा गांधींचे चरित्र लिहिणारे फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांनीही त्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम केले होते. २००७ मध्ये युनेस्कोने हे दप्तर जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंदविले.

या पद्धतीत केवळ नावावर विसंबून भागत नाही. एकच आडनाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव आहे. म्हणून वडिलांचे नाव, जन्मवर्ष आणि मूळ गाव यांचीही नोंद आवश्यक ठरते. माहिती कोणी, कोठून आणि केव्हा घेतली, हे लिहून ठेवले नाही तर पुढे तिची खातरजमा करता येत नाही.

संगणकामुळे शोधाचे काम वेगवान झाले, पण धोकाही वाढला. समितीच्या सर्व्हरमध्ये परक्यांनी शिरकाव केल्याचे १८ जानेवारी २०२२ रोजी उघडकीस आले. हा शिरकाव ९ नोव्हेंबर २०२१ रोजीच झाला होता. संगणक प्रणालीतील एक त्रुटी वेळेवर दुरुस्त न झाल्याने हल्लेखोरांना वाट मिळाली. बेपत्ता व्यक्ती, त्यांचे कुटुंबीय, कैदी आणि विस्थापित अशा ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती त्यांच्या हाती पडण्याजोगी होती. जगभरातील किमान ६० रेडक्रॉस व रेड क्रेसेंट संस्थांनी ती गोळा केली होती. छळाला भिऊन घर सोडलेल्या माणसाचा ठावठिकाणा उघड होणे त्याच्या जिवावर बेतू शकते. या घटनेनंतर समितीला ती यंत्रणा बंद ठेवावी लागली आणि दुहेरी ओळख पडताळणीसारखे उपाय योजून ती पुन्हा सुरू करण्यात आली.

अपुऱ्या नोंदीमुळे माणूस सापडत नाही, तर अनावश्यक नोंदीमुळे तो संकटात येऊ शकतो. हा तोल सांभाळण्यासाठी शोधाला लागेल तेवढीच माहिती विचारावी आणि ती कशासाठी हवी आहे, हे त्या व्यक्तीला सांगून तिची संमती घ्यावी. नोंदी पाहण्याची मुभा मोजक्याच कार्यकर्त्यांना असावी आणि काम संपल्यावर त्यांचे काय करायचे, हेही आधीच ठरलेले असावे. हे नियम लहान संस्थांनाही लागू पडतात. पूरग्रस्तांच्या छावणीतील साध्या वहीपासूनच त्यांचे पालन सुरू करता येईल.