‘ओव्हर’ कशासाठी?

काडेपेटीच्या दोन खोक्यांना दोरा बांधून मुलं ‘फोन-फोन’ खेळतात. बोलणं संपलं की त्यातलं एखादं ‘ओव्हर’ म्हणतं. खऱ्या टेलिफोनवर तर कुणी असं म्हणत नाही! हा शब्द पोलिसांच्या बिनतारी संचावरून आणि सिनेमांतून आपल्या बोलण्यात आला. ‘रॉजर’, ‘मेडे’, ‘वेव्हलेंग्थ जुळणं’ हे त्याचेच सोबती. हे शब्द का जन्मले ते पाहू या.

मेळघाटच्या जंगलात वनकर्मचारी वॉकीटॉकी वापरतात. तिचं बटण दाबलं की बोलता येतं, सोडलं की ऐकता येतं. दोन्ही एकाच वेळी होत नाही. आपल्या संचातून निघणारी लहर ही दुरून येणाऱ्या लहरीपेक्षा कितीतरी पटींनी जोरदार असते. तिच्यापुढे समोरच्याची क्षीण लहर टिपता येत नाही. म्हणून बोलताना ऐकण्याचा भाग बंद ठेवतात. आता समोरच्याला आपली पाळी आली हे कळणार कसं? म्हणून ‘ओव्हर’, म्हणजे ‘माझं झालं, आता तुम्ही बोला’. ‘आउट’ म्हणजे ‘संभाषण संपलं, उत्तर नको’. त्यामुळे सिनेमातलं ‘ओव्हर अँड आउट’ हे ‘उत्तर द्या, उत्तर देऊ नका’ असं होतं!

काडेपेटीच्या फोनमध्येही एकच खोकं कधी तोंडाशी, कधी कानाशी न्यावं लागतं. म्हणजे तिथे मुलांचं ‘ओव्हर’ अगदी योग्य आहे.

‘रॉजर’चा उगम एका अक्षरात आहे. तारेच्या संकेतात ‘पोचलं’ यासाठी इंग्रजी ‘आर’ हे अक्षर पाठवत. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यांच्या अक्षरमालेत ‘आर’ला ‘रॉजर’ म्हणत. 1956 मध्ये नवी अक्षरमाला आली, त्यात ‘आर’चा ‘रोमिओ’ झाला. पण ‘रॉजर’ टिकला.

अक्षराऐवजी अख्खा शब्द कशाला? बी, डी, पी, टी यांतला फरक सुरुवातीच्या क्षणभराच्या ध्वनीत असतो. खरखरीत तोच बुडतो आणि मागे नुसता ‘ई’ उरतो. शब्द लांब असला, की थोडा भाग हरवला तरी उरलेल्यावरून तो ओळखता येतो.

अमेरिकेतल्या पोलिसांचं ‘टेन-फोर’ (‘समजलं’) हे 1930 च्या दशकातलं. तेव्हाच्या प्रक्षेपकाला बटण दाबल्यावर पूर्ण शक्तीनिशी चालू व्हायला क्षणभर लागे आणि बोलण्याची सुरुवातच कापली जाई. म्हणून आधी ‘टेन’ म्हणायचं. ते गेलं तरी महत्त्वाचा ‘फोर’ पोचतो.

‘मेडे’चा मे महिन्याशी संबंध नाही. 1923 मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफोर्ड यांनी तो सुचवला. फ्रेंचमध्ये ‘मला मदत करा’चा उच्चार जवळजवळ असाच होतो. 1927 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. गैरसमज होऊ नये म्हणून तो लागोपाठ तीनदा उच्चारतात.

‘आमची वेव्हलेंग्थ जुळत नाही’ हे मात्र ऐकणाऱ्याच्या रेडिओतून आलं. नागपूर आकाशवाणीचं मध्यम लहरीवरचं केंद्र 585 किलोहर्ट्झवर लागे. प्रकाशाचा वेग, सेकंदाला 3,00,000 किलोमीटर, याला 5,85,000 ने भागलं की सुमारे 513 मीटर ही तरंगलांबी मिळते. अकोल्याच्या घरातला रेडिओ नेमक्या तिच्याशी जुळवला तरच नागपूर ऐकू येई.

वर्गात एक प्रयोग करा. एका मुलाला दाराबाहेर उभं करा. बाकीच्यांनी ताटल्या वाजवून ‘खरखर’ करायची. एकाने आतून ‘ब, प, द, त, म’ यांतली अक्षरं हव्या त्या क्रमाने सांगायची, बाहेरच्याने लिहायची. मग तीच अक्षरं ‘बडनेरा, परतवाडा, दर्यापूर, तेल्हारा, मूर्तिजापूर’ अशी सांगा. दोन्ही वेळच्या चुका मोजा. नंतर मुलांना आपल्या गावांची पूर्ण अक्षरमाला बनवू द्या.

शेवटी एक गोष्ट आपल्यासाठी. ‘रॉजर’ म्हणजे फक्त ‘ऐकू आलं’. ‘पटलं’ किंवा ‘तसं करतो’ असा त्याचा अर्थ नाही. म्हणून वैमानिकाला उंचीची सूचना मिळाली, की नुसतं ‘रॉजर’ चालत नाही. तो आकडा परत उच्चारावा लागतो, म्हणजे चूक तिथेच पकडली जाते. आपण वर्गात ‘समजलं काय?’ विचारतो आणि सगळे एका सुरात ‘हो जी’ म्हणतात. ते ‘रॉजर’च असतं. खरोखर समजलं का, हे मूल आपल्या शब्दांत सांगेल तेव्हाच कळतं.